दोन पिशव्या

2024 सालच्या सुरुवातीला आमच्या माहेरी औषधांच्या दोन पिशव्या होत्या. एक खुंटीला उघड टांगलेली. तीत शुगरच्या गोळ्या, जुन्या रिपोर्टांची सुरळी आणि डॉक्टरांची चिठ्ठी. दुसरी लोखंडी पेटीच्या मागे, जुन्या रजईखाली. तीत टीबीच्या गोळ्या. दोन्ही पिशव्या एकाच माणसाच्या होत्या, पण दोन महिने त्या कधी एका टेबलावर आल्या नाहीत. त्या तशा येऊ नयेत याची काळजी घेणाऱ्यांत आम्हीही होतो. बी.एड. झालेले, आठवीला विज्ञान शिकवणारे आम्ही.

'आम्ही' असे लिहितो ते मोठेपणासाठी नव्हे. घरची बोली दखनी, तीत आम्ही स्वतःला 'हम'च म्हणतो. मराठी लिहायला बसलो तरी 'मी' लेखणीतून लवकर उतरत नाही. शिवाय जे झाले ते एकट्याने केलेले नव्हते. अब्बा, अम्मी, धाकटा भाऊ आणि घरातली मोठी मुलगी म्हणून आम्ही, असे चौघे त्यात होतो. धाकट्या भावाची बायको नव्हती. तिला आमच्याकडे 'दुल्हन' म्हणतात, तिचा मुलगा तीन वर्षांचा झाला तरी. तिच्यापासून तर लपवायचे होते.

अब्बा नानबाई. तीस-पस्तीस वर्षे तंदूरमध्ये हात घातलेला माणूस. औरंगाबादचे नान-खलिया बाहेरगावचे लोक मुद्दाम विचारत येतात. तुघलकाच्या लष्कराबरोबर हे जेवण दौलताबादेत आले असे जुने लोक सांगतात, खरे-खोटे इतिहासवाले जाणोत. लग्नाच्या मोसमात अब्बांच्या तंदूरवरून एका दिवसात हजारो नान जायचे. रमजानमध्ये तर असरच्या नमाजपासून रांग लागे. 2011 साली त्यांना शुगर निघाली तेव्हा ते हसले होते. म्हणाले, "सारी उमर मैदे में गुजरी, तो क्या नमक निकलता?" गल्लीतल्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या. महिन्या-दोन महिन्यांनी बोटाला सुई टोचून साखर पाहायची, गोळी अर्धी वाढवायची किंवा तीच ठेवायची. आमच्या मोहल्ल्यात दर तिसऱ्या घरात अशी एक पिशवी खुंटीला असते. तिची कुणाला लाज वाटत नाही. उलट दोन म्हातारे भेटले की एकमेकांचे आकडे विचारतात.

नोव्हेंबर 2023 पासून अब्बांना खोकला होता. आम्ही म्हणालो, तंदूरचा धूर. वजन उतरले. अम्मी म्हणाली, शुगर खाते आहे. रात्री घाम यायचा, भाऊ म्हणाला, शुगर कमी होत असेल. प्रत्येक लक्षणाला आमच्याजवळ आधीच एक उत्तर होते. आज मागे पाहताना वाटते, मधुमेह घरात असला की दुसरा रोग शोधायचे डोळेच झाकतात. थकवा, वजन घटणे, अंगात कणकण, सगळे त्याच्या खात्यावर जमा होते. 70 किलोचे अब्बा 56 किलोवर आले तेव्हा छातीचा फोटो काढला. डाग फुफ्फुसाच्या खालच्या भागात होता. टीबी बहुतेकदा वरच्या भागात दिसतो, पण मधुमेह असलेल्यांत तो खालीही दिसू शकतो. हे आम्हाला पुढे कळले. त्या वेळी निमोनिया समजून दोनदा अँटिबायोटिक्सचा कोर्स झाला. महिना त्यात गेला. मग कुणीतरी थुंकी तपासायला सांगितली. ट्रूनॅट नावाच्या लहानशा यंत्रावर तपासणी झाली. हे यंत्र आपल्या शेजारच्या गोव्यात तयार होते, पुढे विद्यार्थ्यांना सांगायला बरे म्हणून आम्ही वाचून ठेवले. रिपोर्टमध्ये दोन ओळी होत्या. जंतू सापडले. रिफाम्पिसिनला दाद देणारे आहेत.

अम्मीने विचारले, "क्या लिखे?" आम्ही म्हणालो, "दिक." युनानीत तप-ए-दिक, आमच्या नानीच्या तोंडी नुसते दिक. सरकारी कागदावर क्षयरोग. अम्मीला 'क्षय' हा शब्द उच्चारता येत नाही, दिक मात्र तिने लहानपणी पाहिलेला होता. तिच्या एका चुलत बहिणीला वेगळ्या ताटात जेवायला देत असत. तिने पदर तोंडाशी नेला आणि पहिले वाक्य बोलली ते आजाराबद्दल नव्हते. "तंदूर का क्या होगा?"

टीबी नानमधून पसरत नाही. तो हवेतून पसरतो, खोकल्याच्या तुषारांतून. बंद खोलीत, रोजच्या सहवासात. हे आम्ही वर्गात फळ्यावर लिहिलेले आहे. पण रांगेत उभ्या माणसाला फळा दिसत नाही. त्याला खोकणारा नानबाई दिसतो. भाऊ तंदूर सांभाळायला लागला होता, त्याच्यावर कर्ज होते. ठरले की अब्बांना निमोनिया झाला आहे, आता घरीच राहतील. दुल्हनलाही हेच सांगायचे. ती जालन्याची, तिच्या माहेरी गोष्ट गेली की मोंढ्यापर्यंत जाईल असे अम्मीचे म्हणणे. आम्ही मान डोलावली. आमच्या सासरीही आम्ही निमोनियाच सांगितला.

29 जानेवारी 2024 ला औषध सुरू झाले. त्या दिवसाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. टीबीच्या केंद्रावर मराठी वाचणारे म्हणून आम्ही बरोबर होतो. कर्मचाऱ्याने फॉर्म भरताना विचारले, "शुगर आहे का?" अब्बा पटकन म्हणाले, "नाही." त्यांनी असे का केले ते आम्हाला त्याच क्षणी कळले. आहे म्हटले असते तर कोणत्या डॉक्टरकडे, हे विचारले असते. ते डॉक्टर तंदूरपासून चौथ्या दुकानात बसतात. त्यांच्या बाकावर अब्बांचेच गिऱ्हाईक असते. कर्मचाऱ्याने आमच्याकडे पाहिले. बोटाला टोचून पाहायच्या पट्ट्या त्या दिवशी संपल्या होत्या, "पुढच्या वेळी बघू" म्हणाले. आम्ही गप्प राहिलो. अब्बांना बोलता आले असते तसे आम्हालाही आले असते.

खरे तर हा प्रश्न त्या फॉर्मवर उगाच आलेला नाही. त्यामागे फार जुनी ओळख आहे. इब्ने सीनाने एक हजार वर्षांपूर्वी मधुमेहाच्या रोग्याला दिक जडतो हे लिहून ठेवल्याचे वैद्यकाच्या इतिहासात सांगतात. 1922 मध्ये माणसाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचले गेले. त्यापूर्वी मधुमेहाचे पुष्कळ रोगी शेवटी टीबीनेच जात. मग 24 मार्च 1882 ला रॉबर्ट कॉख यांनी जाहीर केलेल्या जंतूवर औषधे सापडली, साखरेवर औषधे सापडली, आणि दोन्ही आजारांचे दवाखाने वेगळे झाले. ओळख तुटली. ती पुन्हा जोडायला बराच काळ गेला. 2011 साली जगभरातले अभ्यास एकत्र करून पाहिले गेले तेव्हा दिसले की टीबीच्या उपचारात असताना मधुमेह असलेल्याच्या मृत्यूचा धोका जवळजवळ दुप्पट असतो आणि बरा झाल्यावर टीबी पुन्हा उलटण्याचा धोका जवळजवळ चौपट. टीबी होण्याचाच धोका दोन-तीन पट, तो वेगळा. 2012 मध्ये आपल्या देशात काही मोठ्या रुग्णालयांत आणि टीबी केंद्रांत आठ हजारांवर टीबी रुग्णांची साखर तपासली, शंभरात 13 जणांना मधुमेह निघाला. केरळमध्ये त्याच सुमारास शंभरात 44. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या रुग्णांवरचा एक अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही मधुमेह असलेल्यांत उपचाराच्या सुरुवातीच्या काळातले मृत्यू जास्त आढळले. 2017 साली सरकारने नियमच केला की टीबीच्या प्रत्येक रुग्णाची साखर पाहायची आणि मधुमेहाच्या रुग्णाला खोकल्याबद्दल विचारायचे. एवढ्या सगळ्यातून तो प्रश्न तयार होऊन आमच्यापुढच्या टेबलावर आला होता, आणि आम्ही त्याला 'नाही' म्हणालो.

घरी दिनक्रम बसला. सकाळी उपाशीपोटी, वजनाप्रमाणे, चार गोळ्या. लघवी नारिंगी-लाल व्हायची. रिफाम्पिसिनने होते, घाबरण्यासारखे काही नसते. पण दुल्हनला दिसू नये म्हणून अब्बा बादलीभर पाणी ओतायचे. पहिले तीन आठवडे बरे गेले. खोकला थोडा उतरला. मग तो तिथेच थांबला. तोंड कोरडे पडू लागले, रात्रीतून चार-पाच वेळा उठणे, पायाच्या तळव्यांची आग. गल्लीतल्या डॉक्टरांकडे साखर पाहिली तर 310. त्यांनी गोळी वाढवली. पंधरा दिवसांनी 340. पुन्हा वाढवली. ते बिचारे चक्रावले. "चाचा, मिठाई खा रहे क्या?" म्हणाले. त्यांना कुणी सांगितलेच नव्हते की त्यांच्या गोळीवर रोज सकाळी दुसरी एक गोळी घाव घालते आहे.

ही गोष्ट आम्ही आता वर्गात अशी सांगतो. यकृत म्हणजे शरीरातला झाडूवाला. बाहेरून आलेले औषध काही वेळ काम करते, मग यकृत त्याला झाडून बाहेर काढते. रिफाम्पिसिन या झाडूवाल्याच्या हातात दहा झाडू देते. मग साखरेच्या काही गोळ्या, विशेषतः अब्बांना होती त्या गटातल्या, काम व्हायच्या आत झाडल्या जातात. मेटफॉर्मिनला याचा उपद्रव फारसा नाही, इन्शुलिनला नाही. ही झाली एक बाजू. दुसरी अशी की अंगात मोठे इन्फेक्शन असले की साखर आपोआप चढते. आणि तिसरी, जी सगळ्यात वाईट. रक्तात साखर चढलेली असली की जंतूंना गिळणाऱ्या पेशी मंद होतात. त्या असतात, पण उशिरा पोचतात, पोचल्या तरी पुरते मारत नाहीत. जंतू अधिक उरतात, फुफ्फुसात पोकळ्या पडतात, थुंकी लवकर साफ होत नाही. म्हणजे टीबी साखर वाढवतो, साखर टीबीला पोसते, आणि टीबीचे औषध साखरेच्या औषधाला हरवते. वर्गात एक मुलगा म्हणाला, "टीचर, ये तो तीनों मिले हुए हैं." मुले कधी कधी पुस्तकापेक्षा बरे बोलतात.

त्यात खाण्याचा घोळ. 'निमोनिया'ने वाळलेल्या माणसाला मोहल्ला काय पाठवतो? मध, खजूर, दूध-जिलबी, एका घरून बदामाचा हलवा. टीबीच्या माणसाने भरपूर खावे हे सगळ्यांना माहीत, शुगरच्या माणसाने मोजून खावे हेही सगळ्यांना माहीत. दोन्ही एकाच अंगात असतील तर काय करावे हे अम्मीला कुणी सांगितलेले नव्हते, कारण विचारायला गेलो असतो तर दोन्ही सांगावे लागले असते. ती सकाळी टीबीच्या हिशेबाने खाऊ घालायची आणि संध्याकाळी शुगरच्या हिशेबाने भूक मारायची. खरा हिशेब सोपा होता. खाणे कमी करायचे नाही, बदलायचे. अंडी, डाळ, हरभरे, मांस, भाजी पोटभर. साखर, मध, सरबत, मैदा बंद. खलिया चालेल, नान नाही. नानबाईला हे सांगणे म्हणजे काय ते तुम्हीच समजा. पण हे सगळे नंतरचे.

12 मार्चला पहिला रोजा झाला. अब्बांनी चाळीस वर्षांत रोजा सोडलेला नव्हता. अम्मीने एकदा विचारले, त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले. रोजा न ठेवणारा माणूस मोहल्ल्यात प्रश्नांना जागा देतो, हेही एक कारण होते. टीबीच्या गोळ्या सेहरीच्या आधी उठून, शुगरची गोळी इफ्तारनंतर. इफ्तारला खजूर आणि लाल सरबत. दिवसभर पाणी नाही, आणि चढलेली साखर अंगातले पाणी लघवीवाटे काढते आहे.

त्या वर्षी 24 मार्चचा जागतिक क्षयरोग दिन रविवारी आला, म्हणून शाळेत कार्यक्रम शनिवारी, 23 तारखेला झाला. विज्ञान आमच्याकडे, तेव्हा बोलायचे आम्हीच. उर्दूत घोषवाक्ये लिहून घेतली. मुलांच्या फेरीपुढे आम्ही चाललो. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासा, टीबी लपवू नका. 'छुपाओ मत' हे शब्द एका मुलीने लाल शाईने लिहिले होते आणि फलक नेमका आमच्या बाजूला होता. रोज्यात घसा कोरडा असतो, आवाज कमी निघाला तर कुणाला नवल वाटत नाही.

त्यानंतर तिसऱ्या रात्री, तरावीहून आल्यावर, अब्बा अंगणात बसले ते उठेनात. बोलणे बरळल्यासारखे. भावाने रिक्षा आणली. दुल्हन त्यांना धरून बसली, मुलाला अम्मीजवळ ठेवले. फोन आला तेव्हा आम्ही सासरहून निघालो आणि वाटेत माहेरी थांबून पेटीमागची पिशवी घेतली. खुंटीवरचीही घेतली. का घेतली ते आठवत नाही.

घाटीत पोचलो तेव्हा साखर 480 निघाली होती. सलाइन सुरू होती. ड्युटीवर एक तरुण डॉक्टर होती, आमच्या विद्यार्थिनींपेक्षा फार मोठी नसावी. म्हणाली, "कोणकोणती औषधं चालू आहेत? सगळी दाखवा." आम्ही दोन्ही पिशव्या टेबलावर ओतल्या. तिने एक पट्टी उचलली, दुसरी उचलली, दोन्ही शेजारी ठेवल्या. आमच्याकडे पाहून एवढेच म्हणाली, "हे दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचं माहीत आहे?" मग कागदावर लिहिता लिहिता पुढचा प्रश्न आला. "घरात पाच वर्षांच्या आतलं मूल आहे का? त्याची प्रतिबंधक गोळी सुरू केली ना?"

दुल्हन जवळच उभी होती. तिने आम्हाला विचारले, "कौन सी गोली, आपा?"

आम्ही उत्तर दिले नाही. तिने टेबलावरच्या पट्ट्या पाहिल्या, भावाकडे पाहिले. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते. सकाळी सेहरी आटोपून ती मुलाला घेऊन जालन्याच्या बसमध्ये बसली. जाताना आम्हाला म्हणाली, "आप तो टीचर हो ना." त्यात प्रश्न नव्हता.

नियम असा आहे की टीबीच्या रुग्णाच्या घरातल्या सगळ्यांची तपासणी व्हावी, आणि लहान मुलांना आजार नसेल तर तो होऊ नये म्हणून औषध द्यावे. त्यासाठी माणूस घरी यायला हवा होता. अब्बांनी केंद्रावर सांगून ठेवले होते, घरी येऊ नका, मीच येत जाईन. त्यांनी ते मानले, आम्हालाही ते सोयीचे वाटले. जानेवारी ते मार्च मूल आजोबांच्या पांघरुणात झोपत होते.

जालन्यात मुलाची तपासणी झाली, छातीचा फोटो काढला. आजार नव्हता. आयसोनियाझिडची गोळी सहा महिने रोज, असे ठरले. हे आम्हाला भावाने सांगितले. दुल्हन आमचा फोन उचलत नव्हती.

अब्बांना इन्शुलिन सुरू झाले. आयसोनियाझिड आणि साखर दोन्ही पायांच्या नसांना त्रास देतात, म्हणून बी-6 ची गोळी आली. एथॅम्ब्युटॉल डोळ्यांवर परिणाम करू शकते आणि मधुमेहही डोळ्यांवर बसतो, म्हणून डोळ्यांची तपासणी झाली. ही सगळी कामे पहिल्या दिवसापासून होऊ शकत होती. दोन महिन्यांची थुंकी तपासली ती अजून पॉझिटिव्ह होती. जंतू औषधाला मुर्दाड झाले आहेत का हे पाहायला नमुना पुढे पाठवला. तो रिपोर्ट यायला लागलेले दिवस आम्ही कसे काढले ते लिहीत नाही. मुर्दाड नव्हते. उशीर साखरेने केला होता.

त्यातच आणखी एक. त्याच मार्चमध्ये देशभर टीबीच्या गोळ्यांचा तुटवडा पडला. केंद्र सरकारने राज्यांना कळवले की काही महिन्यांची खरेदी तुम्हीच करा. पुढच्या टप्प्याच्या गोळ्या कधी सात दिवसांच्या मिळायच्या, कधी 'परवा या'. भाऊ दुपारी तंदूर पेटायच्या आत मोटारसायकल घेऊन औरंगपुऱ्यापासून घाटीसमोरच्या दुकानांपर्यंत फिरायचा. एका दुकानदाराने ओळखीने सुट्या गोळ्या जुळवून दिल्या. आता लपवण्यासारखे काही उरले नव्हते, चार दुकानांत चिठ्ठी दाखवल्यावर काय उरणार? ईदच्या आधी मोहल्ल्याला कळले होते.

रोज्यांचे कसे करायचे, हा अब्बांचा प्रश्न होता आणि तो डॉक्टरांनी सुटणारा नव्हता. मशिदीतले मौलाना घरी आले. आम्हाला वाटले ते दिलासा देऊन जातील. त्यांनी मात्र हिशेब विचारला. कोणता मर्ज जाणारा आहे आणि कोणता राहणारा? जाणाऱ्या मर्जात सुटलेले रोजे बरे झाल्यावर कजा करायचे, राहणाऱ्या मर्जात शरीर झेपत नसेल तर फिदिया, एका रोज्यामागे एका गरिबाचे जेवण. अब्बा उशीला टेकून ऐकत होते. म्हणाले, "तो दिक की कजा और शुगर का फिदिया." मौलाना हसले, म्हणाले, डॉक्टर सांगेल तेच. आम्ही बी.एड.ला एवढी पुस्तके वाचली, पण एक आजार बरा करायचा असतो आणि दुसरा सांभाळायचा असतो, हा फरक अब्बांना त्या खोलीत जितका नीट समजला तितका आम्ही कुणाला समजावून दिल्याचे आठवत नाही. फिदियाचे जेवण भावाने तंदूरवरूनच दिले. घेणाऱ्यांपैकी एकाने नान परत ठेवले. त्याचे नाव आम्हाला माहीत आहे, लिहीत नाही. आम्ही तरी त्याला काय सांगणार?

ईदनंतर नवव्या दिवशी दुल्हन परत आली. सामान ठेवले, मुलाला आमच्याकडे दिले आणि पेटी ओढून भिंतीपासून लांब केली. मागे काही नव्हते, तरी पाहिले. मग खुंटीवरच्या पिशवीत दोन्हीकडची औषधे एकत्र केली. ती सातवीपर्यंत शिकलेली, उर्दू शाळेत. शंभर पानी वही घेतली, उजवीकडून सुरुवात केली. पहिला रकाना टीबीची गोळी, दुसरा इन्शुलिन, तिसरा साखर, चौथा मुलाची गोळी. दर महिन्याला केंद्रावर जाताना ती वही न्यायची आणि गल्लीतल्या डॉक्टरांकडेही तीच न्यायची. त्या डॉक्टरांनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा बराच वेळ पाने उलटली आणि अब्बांना म्हणाले, "मुझसे छुपाए?" अब्बांनी माफी मागितली. आम्ही दुल्हनची माफी मागितली ती स्वयंपाकघरात, कांदा चिरताना. ती म्हणाली, "कांदा पतला काटो." त्यावर काय समजायचे ते आजही ठरवता आलेले नाही.

तिसऱ्या महिन्याची थुंकी निगेटिव्ह आली. साखर उपाशीपोटी दीडशेच्या आत यायला लागली होती. औषध साधारणपणे सहा महिने असते. अब्बांच्या फुफ्फुसातली पोकळी आणि उशीर पाहून डॉक्टरांनी ते नऊ महिने चालवले. सगळ्यांचेच वाढवतात असे नाही. ऑक्टोबर 2024 अखेर संपले. पोषण आहाराचे दरमहा 500 रुपये खात्यात येत होते, कधी दोन महिन्यांचे एकदम. 1 नोव्हेंबरपासून ते 1000 झाले. "हमारा खाता बंद हुआ, तब सरकार का दिल खुला," अब्बा म्हणाले. वजन 64 पर्यंत चढले होते.

विक्रीचे सांगायचे राहिले. घटली. किती, ते भाऊ सांगत नाही. लग्नाच्या दोन ऑर्डरी गेल्या हे आम्हाला माहीत आहे. काही घरे परत आली, काही आली नाहीत. एक जुने गिऱ्हाईक तर रमजान 2025 मध्ये मुद्दाम रांगेत उभे राहून मोठ्याने बोलत होते, "नान में कुछ नहीं रहता मियाँ, हवा में रहता." त्यांच्या घरी टीबी येऊन गेला होता हे आम्हाला तेव्हा कळले. ते त्यांनी तोवर कुणाला सांगितलेले नव्हते.

2025 पर्यंत देशातून टीबी हटवायचा असे सरकारने ठरवले होते. ते साल गेले. जगातले टीबीचे चारातले एक रुग्ण अजून आपल्या देशात असतात, आणि 2023 साली आलेल्या पाहणीप्रमाणे देशात मधुमेहाचे दहा कोटींवर लोक. हे दोन आकडे कुठे कुठे एका घरात येत असतील ते आम्ही शाळेत पालकांकडे पाहताना मनात मोजतो. या वर्षी एका मुलाची आई वर्गाच्या दाराशी आली. नवऱ्याला दोन महिन्यांपासून खोकला आहे, शुगर आहे, डॉक्टर म्हणतात शुगरनेच वजन उतरले. आम्ही तास सोडून तिच्याबरोबर थुंकीच्या तपासणीला गेलो. मुख्याध्यापकांनी अर्ध्या दिवसाची रजा लावली. लावू देत.

औषध संपल्यावरही दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी तपासणी असते, कारण उलटण्याचा धोका साखरवाल्याला जास्त. अब्बांच्या आतापर्यंत दोन झाल्या, दोन्ही साफ. ते आता सकाळी तंदूरजवळ खुर्ची टाकून बसतात, पेढे मोजतात, भावाच्या चुका काढतात. नान खात नाहीत. म्हणजे खात नव्हते. मागच्या जुम्म्याला पाव नान खलियात बुडवून खाल्ले. दुल्हनने दोन तासांनी सुई टोचली, वहीत 192 लिहिले, आणि पुढे लाल शाईने 'नान'.